खांबावरून गेलेला हंस

पुरवणी जबाब
पोलीस ठाणे मिश्ताशिपी, जेम्स उपसागर, पूर्व किनारा
गुरुवार, दिनांक १० मे २०१८, सकाळी १०.२०

नाव: बर्था सायलस टॅपियाटिक. वय: ५४ वर्षे. व्यवसाय: गावच्या शाळेत स्वयंपाकीण. राहणार: नदीकडची दुसरी ओळ, निळ्या दाराचे घर, मिश्ताशिपी. हंगामातला मुक्काम: शीशीप टोकावरचा टॅपियाटिक कुटुंबाचा तळ.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी राहते. सायलस टॅपियाटिक हे माझे पती. ते दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारले. जबाब नोंदवणारे अधिकारी रेगी हे माझ्या धाकट्या बहिणीचे चिरंजीव आहेत. ज्याच्याशी नाते नाही असा पोलीस आमच्या गावात मिळणे शक्य नसल्याने माझी त्याला हरकत नाही. ते हसणार नाहीत असे त्यांनी कबूल केले आहे.

सोमवारी, दिनांक ७ रोजी, मी याच ठाण्यात तक्रार दिली होती. माझा काळ्या मानेचा एक रानहंस आमच्या तळावरून चोरीस गेला असून माझा संशय माझे धाकटे दीर एझ्रा टॅपियाटिक, वय ५७, यांच्यावर आहे, अशी ती तक्रार होती. त्यानंतर जे उघडकीस आले ते सांगण्यासाठी मी आज आपण होऊन आले आहे.

दरवर्षी हंस परतू लागले की शाळा दोन आठवडे बंद होते आणि गाव आपापल्या तळांवर जाते. यंदा दिनांक २७ एप्रिलला आम्ही तळावर पोचलो. आम्ही म्हणजे दीर एझ्रा, जाऊबाई, त्यांचे दोन मोठे मुलगे, माझ्या सासूबाई फीबी, वय ८८, आणि मी. गेली एकतीस वर्षे मी या तळावर हंसांची पिसे काढली, पोटे साफ केली, दोरीला टांगून विस्तवासमोर फिरवत भाजले. किती हंस, असे विचारल्यावरून सांगते की, मोजले नाहीत, पण आमच्या घरात विकतची उशी कधी आली नाही. या एकतीस वर्षांत मी एकही हंस मारलेला नव्हता.

माझ्याकडे वीस बोअरची बंदूक आहे. परवाना माझ्या नावावर आहे. ती सायलस यांनी बारा वर्षांपूर्वी माझ्यासाठी आणली. सोबत पंचवीस काडतुसांचा एक खोका आणला. तेव्हा मी म्हणाले होते की मला पिसे काढायलाच दिवस पुरत नाही, वर हे खूळ कशाला. बंदूक कपाटामागे उभी राहिली. सायलस दर वसंतात तिला तेल लावून परत ठेवत. खोका फोडलेला नव्हता. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

दिनांक २८ रोजी सकाळी चहाच्या वेळी मी सर्वांसमक्ष सांगितले की, यंदा मी शिकाऱ्यांच्या लपायच्या आडोशात बसणार, सायलस बसत त्या लाकडी पेटीवर. त्यावर पुढील बोलणे झाले.

"वहिनी, मग स्वयंपाक कोण करणार?" दीर म्हणाले.

"ज्याला भूक लागेल तो."

"तुम्हाला बघून हंसांना हसू येईल हो."

"येऊ दे. हसायला मान वर करतील, तेवढाच नेम सोपा."

दीर हे शीशीप टोकावरचे शिकारीचे मुकादम आहेत. कोणत्या दिवशी, कोणत्या बाजूला, किती जणांनी बार काढायचे हे मुकादम ठरवतो आणि त्याचा शब्द कोणी मोडत नाही. त्यांनी चहा संपवला आणि मग मस्करी बाजूला ठेवून सांगितले, "आडोशात चारच जागा. सायलसदादाची जागा मी दोन वसंत मोकळी ठेवली. तिसऱ्या वसंतात ठेवता येणार नाही, चार घरांना खायला घालायचंय. माझा जावई वॉल्टर पुढच्या रविवारी येतोय. पुढच्या शनिवारपर्यंत एक हंस पाडा, जागा तुमची, पुढच्या वर्षीसुद्धा. नाही जमलं तर वॉल्टर बसेल."

"कबूल," मी म्हणाले.

"आणि पिसं तुम्ही काढाल."

"पिसं मी तशीही काढतेच आहे."

दिरांनी मला मनापासून शिकवले, हे नमूद करावे. पहिले दोन दिवस, सोमवारी आणि मंगळवारी, त्यांनी मला नदीच्या तोंडाशी बदकांवर हात बसवायला नेले. बदक जिथे आहे तिथे बार टाकू नये, जिथे जाणार आहे तिथे टाकावा, कारण छर्रे पोचेपर्यंत ते तुमच्यासाठी थांबत नाही, असे ते म्हणाले. मी नऊ बार काढले. बदके थांबली नाहीत. नंतर हंसांच्या आडोशात बसवले. पांढरी चादर अंगावर, मान खाली, डोळे वर. खोटे हंस मांडताना त्यांची तोंडे वाऱ्याकडे करायची, कारण खरा हंस उतरताना वाऱ्याला सामोरा येतो. पहिला थवा आला की गुपचूप उतरू द्यायचा, त्याला बसलेला बघून मागचे येतात. रक्त सांडले तर वरून बर्फ ओढायचा, नाहीतर पुढच्या हंसांना ते आभाळातून दिसते. हे सगळे मला तोंडपाठ होते, कारण एकतीस वर्षे मी ते तंबूच्या कापडातून ऐकत आले होते. हातांना मात्र काही पाठ नव्हते.

शुक्रवारपर्यंत बावीस काडतुसे संपली आणि एक पीसही खाली आले नाही. आमच्या किनाऱ्यावर सगळे तळ एकाच रेडिओवर बोलतात, त्यामुळे ही बातमी लपली नाही. रोज संध्याकाळी कोणीतरी म्हणे, "बर्थाताई, तुमच्याकडून आलेले हंस म्हणतायत, तिथे आवाज फार आहे, पण माणसं चांगली आहेत." मीही उलट बोलले. काय बोलले ते अधिकाऱ्यांना माहीत आहे, त्यांच्याही तळावर रेडिओ आहे.

शनिवारी, दिनांक ५ रोजी, सकाळी वारा पडलेला होता. पडलेल्या वाऱ्यात बार काढला तर त्याचा आवाज किनाराभर फिरतो आणि हंस ती जागा सोडून देतात. म्हणून मुकादमांनी शिकार बंद ठेवली आणि ते, जाऊबाई व मुलगे पेट्रोल आणायला रस्त्यापर्यंत गेले. तळावर मी आणि सासूबाई राहिलो. सासूबाईंना फार कमी ऐकू येते आणि ज्यात राम नाही ते त्या तेवढेही ऐकत नाहीत.

आडोशामागे काठीला लाल फीत बांधलेली आहे. फीत आडवी झाली की वारा पुरेसा, असा दिरांचाच नियम आहे. दुपारी ३.४० वाजता फीत आडवी झाली. मी स्वतः पाहिली. मुकादमांना विचारायला ते तळावर नव्हते. त्यांचा नियम होता, तो मी पाळला. यावर त्यांचे वेगळे म्हणणे असल्यास त्यांचा जबाब वेगळा घ्यावा.

मी चादर आणि तीन काडतुसे घेऊन आडोशात गेले आणि पेटीवर बसले. साधारण ४.१५ वाजता दक्षिणेकडून तीन हंस आले. मी पहिला बार काढला, तो चुकला. दुसरा चुकला. तेव्हा मला वाटले की आता वॉल्टर. मग मनात म्हणाले की जिथे आहे तिथे नको, जिथे जाणार आहे तिथे. तिसरा बार काढला. मधला हंस चाळीस पावलांवर बर्फावर पडला आणि हलला नाही.

मला आनंद झाला. किती झाला, असे विचारल्यावरून सांगते की, मी तिथेच बर्फात बसले आणि सायलस यांना मोठ्याने हाक मारली. हे जबाबात घ्यावे की नाही ते अधिकाऱ्यांनी ठरवावे.

नंतर मी रक्तावर बर्फ ओढला आणि हंस घेऊन तळावर आले. सासूबाई त्यांच्या तंबूच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले, हंसाकडे पाहिले आणि दोन्ही हात मांडीवर उघडे ठेवले. मला वाटले त्या हात शेकत आहेत, ऊन चांगले होते. मी हंस उंच करून दाखवला, त्यांच्यासमोरून पुढे गेले आणि तो स्वयंपाकाच्या तंबूबाहेरच्या खांबावर दोरीने ओढून सगळ्यांत वर टांगला आणि दोरी खाली गाठ मारून बांधली. दिरांना परत येताना लांबून दिसावा, हा उद्देश होता. दुसरा उद्देश नव्हता. मी त्या खांबाखाली बसून चहा प्यायले. दोन कप प्यायले.

बर्फाला भेग पडून पाणी वर आल्यामुळे दीर त्या दिवशी परतले नाहीत. रविवारी पहाटे पाचच्या सुमारास मला बर्फगाडीचा आवाज आला. सासूबाईंच्या बहिणीची सून त्यांना दर रविवारी प्रार्थनेसाठी उत्तरेकडच्या तळावर नेते. त्या तिकडे दोन-तीन दिवस राहतात; तो तळ फार लांब आहे, तिथे आमचा रेडिओ लागत नाही. मी उठले नाही. सहा वाजता बाहेर आले तेव्हा खांबावर हंस नव्हता. दोरी लोंबत होती. खाली कोल्ह्याचे ठसे नव्हते. दोरी तुटलेली नव्हती, गाठ सोडवलेली होती. कोल्हा चोर आहे, पण गाठ सोडवत बसत नाही.

दीर दहा वाजता आले. सोबत वॉल्टर होता. मी सर्व सांगितले.

"वहिनी," दीर म्हणाले, "कुठला हंस?"

"या खांबावरचा."

"खांब दिसतोय."

"पिसं बघा, आडोशासमोर पडली असतील."

"रात्रभर वारा होता. शिवाय तिथे माझ्या हंसांची पिसं ढिगानं पडलीयत. वहिनी, तिसरं काडतूस पण वाया गेलं असेल तर सांगून टाका. मी काही कोणाला सांगणार नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांनी सात तळांना सांगितले. रेडिओवर त्यांचे शब्द असे होते, "आमच्या वहिनींनी असा हंस मारलाय की तो मेल्यावर उडून गेला." किनाराभर लोक हसले. मीही एरवी हसले असते. त्या दिवशी मी तंबूत जाऊन पडले.

रविवारी आम्ही शिकार करत नाही. सोमवारी सकाळी वॉल्टर आडोशात बसला. मी चहा द्यायला गेले तेव्हा तो सायलस यांच्या पेटीवर बसून बिस्किटे खात होता. वॉल्टर हा चांगला मुलगा आहे. सोमवारी तो मला चांगला वाटला नाही. मी चहाची किटली तिथेच ठेवली, बर्फगाडी काढली आणि या ठाण्यात आले.

दिरांवरच संशय का, असे विचारल्यावरून सांगते की, माझा हंस नाहीसा होण्यात फायदा त्यांच्या जावयाचा होता आणि भेगेतून वाट काढून रात्री तळावर येऊन गाठ सोडवील असा आमच्या कुटुंबात दुसरा कोणी नव्हता, असा माझा समज होता. पहाटेच्या बर्फगाडीचा विचार मी केला नाही. तिच्यातून कोण गेले हे माहीत होते, म्हणूनच केला नाही.

मंगळवारी अधिकारी रेगी पंचनाम्यासाठी तळावर आले. त्यांनी खांबाची उंची मोजली, दोरी पाहिली आणि दोन ताटे भरून हंसाचे जेवण केले. त्यांनी दिरांना विचारले तेव्हा दीर म्हणाले, "लिही बाबा. जो हंस नव्हताच, तो चोरणारा या किनाऱ्यावर मीच पहिला."

बुधवारी, दिनांक ९ रोजी, दुपारी बारा वाजता सासूबाई परत आल्या. आडोशात बसलेला वॉल्टर सोडून आम्ही सर्व स्वयंपाकाच्या तंबूत होतो. खांबाला पोलिसांची पिवळी पट्टी बांधलेली होती. सासूबाईंनी विचारले की ही सजावट कसली. दीर त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "आई, वहिनींचा हंस चोरीला गेलाय!"

"कधी?"

"शनिवारी रात्री!"

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "रविवारी पहाटे. मी नेला. खाल्लासुद्धा."

विस्तवासमोरचा हंस दोरीवर फिरायचा थांबला, कारण तो फिरवणारी मी होते.

"अहो, पण न विचारता?" मी म्हणाले.

"कोणाला विचारू? हंस माझा. चोरी कसली?" सासूबाई म्हणाल्या. "शनिवारी हात पसरून बसले होते मी. तू माझ्या नाकासमोरून नेलास आणि वर टांगलास. म्हटलं, खाली आणेल. तू चहा प्यालीस. म्हटलं, आता आणेल. तू दुसरा कप ओतलास. सूर्य गेला. पहाटे गाडी आली, तेव्हा मीच खाली घेतला. गाठ पक्की होती. मीच शिकवलेली तुला."

येथे खुलासा करते की, आमच्यात कोणाचाही पहिला हंस मारणाऱ्याचा नसतो. तो त्याच दिवशी सूर्य मावळण्याआधी तळावरच्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या हातात द्यायचा असतो. मारणाऱ्याने त्यातला घास खायचा नाही. मी माझ्या दोन्ही मुलांना हे शिकवले, जावेच्या मुलांना शिकवले. मुले नाचत येत, तेव्हा मीच त्यांना खांद्याला धरून सासूबाईंच्या दाराकडे वळवत असे. माझा स्वतःचा हंस हातात आला तेव्हा मला वळवायला कोणी नव्हते आणि मला आठवले नाही. चोपन्न वर्षांच्या बाईला लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे आणि मला ती वाटली.

दीर हसत होते. ते म्हणाले, "आई, हंस होता हे मान्य. पण तो वहिनींनीच पाडला कशावरून? कोणाचा तरी जखमी होऊन पडलेला उचलून आणला असेल."

सासूबाईंनी कमरेच्या पिशवीतून एक रुमाल काढला. त्याला गाठ होती. ती त्यांनी सावकाश सोडवली. आत चार छर्रे होते.

"माझे दात दोन," त्या म्हणाल्या. "त्यातला एक हिने हलवला. म्हणून ठेवले."

दिरांनी स्वतःचे एक काडतूस फोडून ताटलीत ओतले. तळावरच्या बाकी सगळ्या बंदुका बारा बोअरच्या, म्हणजे माझ्या बंदुकीपेक्षा जाड नळीच्या आहेत आणि त्यांचे छर्रे मिऱ्याएवढे असतात. सासूबाईंच्या रुमालातले चार मोहरीपेक्षा थोडे मोठे होते. त्या मापाची काडतुसे किनाऱ्यावर कोणी वापरत नाही. दिरांनी एक छर्रा बोटाच्या टोकावर घेतला, दाराच्या उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "हा खोका दादाने आणला तेव्हा मी सोबत होतो. मी म्हटलं होतं, एवढ्या बारीक छर्ऱ्यांनी काय होणार. तो म्हणाला, तिला खांद्याला धक्का बसायला नको."

सायलस असे म्हणाले होते हे मला माहीत नव्हते.

दीर उठून बाहेर गेले. आडोसा तंबूपासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे पुढचे सर्वांना ऐकू आले.

"वॉल्टर, ऊठ."

"का? जेवण झालं?"

"जागा वहिनींची आहे."

"देवाची कृपा," वॉल्टर म्हणाला. "तीन दिवस झाले, माझे पाय मला जाणवेनासे झालेत."

त्याच संध्याकाळी दिरांनी रेडिओवर सातही तळांना सांगितले की, हंस होता, वहिनींचा होता, आईने खाल्ला आणि ते स्वतः मूर्ख आहेत. शेवटचे वाक्य सांगण्याचा आग्रह माझा होता. पडलेल्या वाऱ्याच्या दिवशी बार काढल्याबद्दल मात्र त्यांनी मला दोन दिवस पुरतील एवढी लाकडे फोडायला लावली. फीत आडवी होती असे मी पुन्हा सांगितले. फीत आडवी झाली की मुकादमाला विचारायचे असते, आपणच मुकादम व्हायचे नसते, असे ते म्हणाले. त्यात तथ्य आहे. लाकडे फोडून झाली आहेत.

रात्री भांडी घासताना मी सासूबाईंना विचारले की हंस कसा होता. घास खायचा नसतो, पण विचारायला हरकत नसते.

"चिवट," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "सायलसचा पहिलापण चिवटच होता."

मी भांडी तशीच ठेवली. बाहेर जाऊन लाकडे आणली. लाकडे आत भरपूर होती.

सदर हंसाचे मुंडके सासूबाईंनी कातडीसह वाळत घातले आहे. त्यावर मणी भरून ते पहिल्या हंसाची खूण म्हणून माझ्या भिंतीवर लावायचे आहे. लाल मणी त्यांच्याकडे आहेत, निळे मी आज गावातून नेणार आहे. सासूबाईंची हललेल्या दाताबद्दल माझ्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही, मात्र पुढचा हंस त्यांना मऊ हवा आहे.

माझा हंस चोरीस गेलेला नाही. तो ज्यांचा होता त्यांनी नेला, आणि उशीर माझ्याकडून झाला. दिरांवर घेतलेला संशय चुकीचा होता, तो मी मागे घेते. रेडिओवरचे त्यांचे पहिले बोलणेही चुकीचे होते, हेही सोबत लिहावे. माझी तक्रार बंद करावी आणि खांबाची पिवळी पट्टी कोणी तरी येऊन काढावी, हंस तिला बिचकतात.

वरील मजकूर अधिकाऱ्यांनी मला आमच्या भाषेत, सावकाश, दोन ठिकाणी हसू आवरत वाचून दाखवला. ऐकताना मला त्यात एक चूक आढळली. व्यवसायाच्या रकान्यात फक्त 'गावच्या शाळेत स्वयंपाकीण' असे आहे. त्यापुढे 'आणि शिकारी' असे लिहावे, असे मी सांगितले. अधिकाऱ्यांनी विचारले, मावशी, पुरावा काय. मी पिशवीतून काडतुसांचा रिकामा खोका काढून टेबलावर ठेवला. आत ते चार छर्रे आहेत. अधिकाऱ्यांनी ते पाहिले आणि दुरुस्ती केली. आता जबाब बरोबर आहे.

सही: बर्था टॅपियाटिक